घरावर सौर पॅनेल बसवावे का?

शिरूर-दौंड भागातल्या कोणत्याही मोठ्या गावात आज दोन-चार घरांच्या गच्चीवर निळसर काळी सौर पॅनेल दिसतात. 'शेजाऱ्यांनी बसवली, आपणही बसवावीत का?' हा प्रश्न मग घरोघरी निघतो आणि विज्ञानाच्या शिक्षकांपर्यंत येऊन पोहोचतो. 'सौर ऊर्जा चांगली, जरूर बसवा' एवढे उत्तर इथे पुरत नाही. या घराने आपली शिल्लक या छपरावर गुंतवावी का, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते घराच्या वीजबिलात आणि गच्चीवरच्या सावलीत असते. ते कसे शोधायचे, हे पाहू या.

ऊन किती, वीज किती?

शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर लोणावळा-मुळशीकडे हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. शेतीला जाचणारी ही गोष्ट सौर विजेला मात्र सोयीची आहे. इथे एक चौरस मीटर सपाट जागेवर वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे साडेपाच युनिट सूर्यऊर्जा पडते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.)

'एक किलोवॅटचे पॅनेल' म्हणजे काय? दर चौरस मीटरला १००० वॅट इतके प्रखर ऊन आणि पॅनेलमधील घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना जे एक किलोवॅट वीज देते, ते. या हिशेबाने रोज साडेपाच युनिट वीज मिळायला हवी. प्रत्यक्षात उष्णता, धूळ, वायर आणि इन्व्हर्टर यांत काही वाटा जातो. म्हणून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट धरावेत. जुलै-ऑगस्टमध्ये ती कमी मिळेल, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त.

मे महिन्यात सर्वांत जास्त का नाही? कारण पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. हवेचे तापमान ४० अंश असते तेव्हा पॅनेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५ अंशांच्या पुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्का घटते. म्हणजे ऐन दुपारी १२ ते १६ टक्के घट झाली. यासाठीच पॅनेल स्लॅबला किंवा पत्र्याला चिकटवून न ठेवता खालून वारा खेळेल असे उचलून बसवतात.

सावलीचा हिशेब

पॅनेलमधील घट एकापुढे एक, एकसरीत जोडलेले असतात. पाण्याची लांब नळी एका ठिकाणी दाबली तर सगळाच प्रवाह मंदावतो. त्याचप्रमाणे एका घटावर सावली पडली की त्या ओळीतला सगळा प्रवाह अडतो. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये, बहुधा तीन ठिकाणी, वळणवाटेसारखे डायोड बसवलेले असतात. तरीही वाळक्या पानाएवढी सावली पॅनेलची एक तृतीयांश वीज खाऊ शकते.

आपण साधारण साडेअठरा अक्षांशावर आहोत. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. (इथला खरा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होतो.) त्या वेळी एक मीटर उंचीच्या कठड्याची सावली ०.९ मीटर पडते. त्याच दिवशी सकाळी साडेनऊला सूर्य सुमारे २९ अंशांवर असतो आणि तीच सावली १.८ मीटर होते. गच्चीवरची पाण्याची टाकी तीन मीटर उंच असेल, तर तिची सकाळची सावली साडेपाच मीटरपर्यंत जाईल. मेच्या मध्यास मात्र सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. म्हणून गच्चीची पाहणी उन्हाळ्यात केली तर फसगत होते. ती हिवाळ्यात करावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे १८ अंश असावा. चालण्याफिरण्याची जागा धरून एका किलोवॅटला १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०० चौरस फूट जागा लागते.

आता वीजबिल हातात घ्या

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. नेट मीटर बसवले की आपली जादा वीज तारांवर जाते आणि बिलात वळती होते. पॅनेलची वीज सर्वांत आधी सर्वांत महाग टप्प्यातली युनिटे कमी करते. हा मुद्दा नीट समजला की निम्मा निर्णय झालाच.

उदाहरण घेऊ. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून गणितापुरते मानू की सर्व आकार धरून पहिल्या टप्प्यात युनिटला ६ रुपये आणि दुसऱ्यात १३ रुपये पडतात. एका किलोवॅटचा खर्च ७०,००० रुपये मानू. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या किलोवॅटसाठी खिशातून प्रत्येकी ४०,००० रुपये जातील.

पहिले घर महिन्याला २४० युनिट वापरते. एका किलोवॅटने १२० युनिटे वाचली, ती सगळी १३ रुपयांची. बचत महिन्याला १,५६० रुपये. पैसे सुमारे सव्वीस महिन्यांत परत. दुसरा किलोवॅट घेतला तर आणखी १२० युनिटे वाचतील, पण त्यांतली फक्त २० महाग आणि १०० स्वस्त. बचत ८६० रुपये. या ४०,००० रुपयांना परत यायला जवळजवळ चार वर्षे लागतील. तिसऱ्या किलोवॅटची या घराला गरजच नाही. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

दुसरे घर महिन्याला ९० युनिट वापरते. एका किलोवॅटने त्याची ९० स्वस्त युनिटे वाचतील, म्हणजे ५४० रुपये. पैसे परत यायला सहा वर्षांहून अधिक काळ. ४०,००० रुपये कर्जाऊ काढावे लागले तर हिशेब आणखी लांबेल. या घराने आधी दुसरा उपाय पाहावा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला १६ युनिटे वाचतात. असे तीन पंखे म्हणजे ४८ युनिटे, तीही फार थोड्या खर्चात. पॅनेल घ्यायचेच असेल तर आधी राज्य शासनाच्या जादा अनुदानाची चौकशी करावी.

बिल न सांगणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे वीज गेली की साधी नेट मीटरची यंत्रणाही बंद पडते. बाहेर लख्ख ऊन असले तरी! हा दोष नाही, ती सुरक्षा आहे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. दाब फार चढला-उतरला तरीही तो थांबतो. लाइनच्या टोकाच्या वाड्या-वस्त्यांवर दिवसा किती तास वीज जाते, याची महिनाभर नोंद ठेवा. वीज जाण्यावर उपाय म्हणून पॅनेल घ्यायचे असेल तर बॅटरी लागेल, आणि तिच्या खर्चाने वरचे सारे गणित बदलेल.

दुसरी गोष्ट धुळीची. उसाच्या गळीत हंगामात कारखाने आणि गुऱ्हाळे यांची काजळी छपरावर बसते. पॅनेल पंधरा दिवसांनी पहाटे, थंड असताना धुवावे. बोअरचे जड पाणी काचेवर वाळले तर पांढरे डाग धरतात, म्हणून ते पुसून काढावे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. पॅनेलची हमी बहुधा २५ वर्षांची असते, आणि तेवढ्या काळानंतरही ते सुमारे ८० टक्के वीज देते. इन्व्हर्टर मात्र साधारण दहा वर्षांत बदलावा लागतो; तो खर्च आताच धरावा. वळवाचे वारे पॅनेलला खालून उचलतात. म्हणून सांगाड्याचे बोल्ट स्लॅबमध्ये पक्के हवेत, आणि स्लॅबच गळका असेल तर त्याची दुरुस्ती आधी हवी. छप्पर भावाभावांच्या सामाईक मालकीचे असल्यास सर्वांची संमती आधी घ्यावी.

वर्गातला प्रकल्प

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हा त्यामागचा विचार. सौर पॅनेलचा प्रश्न अशा शिक्षणाला अगदी जुळणारा आहे. आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या घराची बारा महिन्यांची बिले आणावीत आणि महिन्यांच्या वापराचा आलेख काढावा. २२ डिसेंबरच्या आसपास गच्चीवर एक मीटरची काठी उभी करून साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीनला सावली मोजावी. टाकी, कठडा, नारळाचे झाड यांच्या सावल्या खडूने आखाव्यात. उरेल तेवढी जागा पॅनेलची. मग वरीलप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किलोवॅटचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

काही घरांचे उत्तर 'दोन किलोवॅट' येईल, काहींचे 'एकच पुरे', काहींचे 'आत्ता नको, आधी पंखे बदलू'. तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. विक्रेता दारात येईल तेव्हा घरातल्या मुलीच्या वहीत हे आकडे लिहिलेले असतील, तर त्याला कोणते प्रश्न विचारायचे ते घरच्यांना ठाऊक असेल.