स्वभावाचा काटा



धान्याच्या धंद्यात ज्याची उभी हयात गेली, त्यास वजनमापाचा विषय नवा नाही. पोत्याचे वजन काट्यावर होते, गव्हाचा ओलावा यंत्रावर कळतो, खडाकचरा चाळणीने वेगळा होतो. परंतु पेढीवर बसलेला मनुष्य दिवसभर स्वतःस कितपत आवरतो, कोणासमोर कसा बोलतो, याचेही माप घेता येते काय? गेल्या रबी हंगामापर्यंत हा प्रश्न माझ्या मनास शिवलाही नव्हता. तो कसा उभा राहिला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे मिसरोद आता खेडे उरलेले नाही. एका अंगास वाढत्या भोपाळ शहराने त्यास आपल्या पोटात घेतले आहे. दुसऱ्या अंगास, नर्मदापुरमच्या रस्त्यावर, मंडीदीपचे कारखाने आहेत. माझी धाकटी सून तेथील एका कारखान्याच्या कचेरीत नोकरवर्गाचे काम पाहते. एके सायंकाळी तिने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला व म्हणाली, "मामंजी, एवढी उत्तरे द्या पाहू."

त्या कागदाचा इतिहास तिच्याकडूनच कळला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क स्नायडर यांनी 1974 साली आत्मनियमनाचे एक माप प्रसिद्ध केले. त्यात 25 विधाने असून प्रत्येकापुढे 'खरे' अथवा 'खोटे' एवढेच लिहावयाचे. प्रसंग पाहून आपण वागणे बदलतो काय, मनातील भाव मुखावर येऊ न देणे आपणास साधते काय, अशा धर्तीची ती विधाने होत. माप खरे की खोटे हे पाहण्यासाठी त्यांनी ते नाटकांतील नटांस दिले. नटांचे गुण इतर विद्यार्थ्यांपेक्षा अधिक भरले. पुढे 1984 साली लेनॉक्स व वुल्फ या दोघांनी 13 विधानांचे सुधारलेले माप तयार केले. त्याचे दोन भाग आहेत: समोरच्याच्या मुद्रेवरून त्याचे मन ओळखणे, हा एक, आणि त्यानुसार आपले वागणे वळविणे, हा दुसरा. सूनबाईंनी आणलेला कागद तो हाच.

मी उत्तरे लिहिली. 65 पैकी 54 गुण पडले. मला मनातून फार बरे वाटले. आपण व्यापारी; गिऱ्हाइकाच्या भुवईवरून भाव ओळखणे ही आपली पिढीजात विद्या. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदे होत, तेव्हा तर दलालाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे.

सूनबाई मात्र हसल्या नाहीत. "मामंजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण हेच प्रश्न तुमच्याविषयी तोलारीकाकांना विचारले, तर किती गुण पडतील?"

बंधूंनो, त्या प्रश्नाने माझी मान खाली गेली. त्याच दिवशी सकाळी एका मोठ्या खरेदीदाराने शरबती गव्हाच्या मालात वांधा काढून पोत्यामागे कपात मागितली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तरी मी हसतमुखाने चहा पाजून त्यास निरोप दिला. अर्ध्या घटकेने पोत्यांच्या मोजणीत एक पोते कमी भरले, आणि तीस वर्षे माझ्या पेढीवर काटा धरणाऱ्या तोलारीस मी हमालांच्या व शेतकऱ्यांच्या देखत चोर म्हटले. तो काही बोलला नाही. रुमाल झटकून निघून गेला.

त्या रात्री मी वही पुन्हा तपासली. चूक माझ्याच टाचणात होती.

तेव्हा मला त्या मापातील मर्म उमगले. मी स्वतःस आवरू शकत होतो, यात संशय नाही. खरेदीदारापुढे आवरलेच होते. परंतु जेथे लाभ होता तेथे आवरले, आणि जेथे काही गमवावयाचे नव्हते असे वाटले तेथे लगाम सोडला. कागद कौशल्य मोजतो. ते कोणासाठी वापरले, हे मोजीत नाही. 1994 साली किल्डफ व डे या संशोधकांनी व्यवस्थापनाच्या 139 पदवीधरांची पाच वर्षांची वाटचाल प्रसिद्ध केली. प्रसंगानुसार रंग बदलणाऱ्यांस बढत्या अधिक मिळाल्या. परंतु एक मालक सोडून दुसऱ्याकडे जाण्याचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक आढळले. अर्थात् हा गुण लाभदायक खरा, परंतु तो म्हणजे निष्ठा नव्हे.

दुसऱ्या दिवशी तोलारी आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "शेठजी, घरी येऊन माफी कशाला? चोर तर चारचौघांत ठरलो." त्याचे म्हणणे रास्त होते. क्षमापनेच्या दिवसाची वाट न पाहता मी दुसऱ्या सकाळी त्याच ओट्यावर, त्याच हमालांच्या देखत, हात जोडून माझी चूक सांगितली. त्याने काटा पुन्हा हाती घेतला. मात्र पूर्वीसारखा तो माझ्याशी थट्टेने बोलू लागण्यास दिवाळी उजाडली.

तेव्हापासून रोजमेळ मिटविण्यापूर्वी मी एक ओळ लिहितो: आज पेढीवरील सर्वांत गरीब माणसाशी मी कसा बोललो? तिला गुण मी देत नाही. महिन्याच्या अखेरीस वही तोलारीपुढे ठेवतो. तो ऐकतो, आणि जेथे मी स्वतःस जास्त तोलले असेल तेथे मान हलवितो.

आपल्या दुकानाचा काटा आपण दरसाल तपासून त्यावर शिक्का घेतो. स्वभावाचा काटा मात्र आपणच तपासतो आणि शिक्काही आपणच मारतो. तो एकदा दुसऱ्याच्या हाती द्यावा, एवढीच सर्व सभासद बंधूंस माझी नम्र विनंती.