मे महिन्यातला पत्रा

त्र्यंबकेश्वरात मे महिना अर्ध्यावर आला की माणसं छपरावर चढतात. नाशिक शहराच्या दुप्पट-तिप्पट पाऊस झेलणारं हे गाव. ब्रह्मगिरीवर ढग उतरायच्या आत छप्पर नीट करून घेतलं नाही, तर जुलैभर घरात बादल्या आणि पातेली मांडून बसावं लागतं. जुन्या वाड्यांवरची कौलं बरीचशी गेली. वाड्यामागे काढलेल्या खोल्या, रस्त्याकडेच्या चाळी, यात्रेकरूंसाठी घाईघाईने उभे केलेले मजले यांवर करड्या रंगाचे नागमोडी पत्रे आले. सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की अशा खोल्या आणखी वाढतात. लोक या पत्र्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात. तो स्वस्त असतो, गंजत नाही आणि पावसात टिनासारखा कानठळ्या बसवत नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, हे दुकानदाराला ठाऊक असतं, मिस्त्रीने ऐकलेलं असतं. खाली झोपणाऱ्या भाडेकरूला मात्र बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं.

यात बेकायदा काही नाही. याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या लखमापूरला असे पत्रे बनवणारा मोठा कारखाना आहे. साठहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, आपण घातली नाही. आपल्याकडच्या खाणी बंद आहेत. कच्चा माल रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून येतो. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली आपल्या देशापुरतं ॲस्बेस्टॉस बंद केलं, निर्यात मात्र त्यानंतरही सुरू राहिली. २०११ च्या जनगणनेत देशातली सुमारे १६ टक्के घरं पत्र्याच्या छपराखाली होती. पण त्या रकान्यात जीआय (गॅल्व्हनाइझ्ड लोखंड), धातू आणि ॲस्बेस्टॉस हे तिन्ही एकत्रच मोजले आहेत. डोक्यावर लोखंड आहे की ॲस्बेस्टॉसचे तंतू, याची वेगळी नोंद करावी असं मोजणाऱ्यांना वाटलं नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने घाबरून लगेच बोचकं बांधावं का? माझ्या मते, नाही. वर्षभर डोक्यावर शांत पडून असलेल्या पत्र्यापेक्षा मे महिन्यातले दुरुस्तीचे दोन दिवस जास्त धोक्याचे असतात. ते का, हे कळण्यासाठी आधी पत्र्याच्या पोटात काय आहे ते पाहू.

लुडविग हात्शेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने १९०१ साली या पत्र्याचं पेटंट घेतलं. कागद-पुठ्ठा बनवण्याच्या यंत्रावर त्याने लगद्याऐवजी सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचं पाणीदार मिश्रण घेतलं आणि थरावर थर चढवत पत्रा तयार केला. आजची रीत मुळात तीच आहे. आपल्याकडच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, असतं. बाकी सिमेंट आणि राख. सहा मिलिमीटर जाडीचा लांबलचक पत्रा स्वतःचं वजन पेलतो, तो या तंतूंच्या जोरावर.

क्रिसोटाइल हे मॅग्नेशियमचं सिलिकेट आहे. त्याचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात, एक सिलिकाचा आणि एक मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा. दुसरा थर पहिल्यापेक्षा किंचित मोठा असल्यामुळे उन्हात वाळणाऱ्या पापडाची कड वळते तसा हा जोडथर वळत जातो आणि त्याची बारीक नळी होते. एका नळीची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा दोन-तीन हजार नळ्या शेजारी शेजारी बसतील. तंतू घासला किंवा कापला की तो आडवा तुटत नाही, उभा चिरत जातो. म्हणजे धूळ जितकी बारीक, तितके तंतू अधिक.

नाकातून जाणारी बहुतेक धूळ शरीर परत फेकतं. फुफ्फुसाच्या शेवटच्या हवापिशव्यांत पोचलेले कण भक्षक पेशी गिळतात. पण १५-२० मायक्रॉन लांबीच्या सुईसारख्या तंतूपुढे ती पेशीच तोकडी पडते. अर्धवट गिळलेला तंतू आत टोचत राहतो, पेशी दाहक रसायनं सोडत राहते आणि वर्षानुवर्षं चाललेल्या या चिडीतून फुफ्फुसात व्रण पडतात. तो ॲस्बेस्टॉसिस. काहींना फुफ्फुसाचा कर्करोग होतो, काहींना फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. पांढरं ॲस्बेस्टॉस निळ्या ॲस्बेस्टॉसपेक्षा शरीरात लवकर विरघळतं, असं उद्योगाकडून सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग घडवणारे म्हणून एकाच वरच्या गटात ठेवले आहेत. आणि तंतू आत जाणं व आजार दिसणं यांत वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांचं अंतर पडतं. तोवर खोली बदललेली असते, गाव बदललेलं असतं आणि भाडेपावती तर कुणाकडेच उरलेली नसते.

महाराष्ट्रातला याचा पुरावा मुंबईतून आला. घाटकोपरला ब्रेक-लायनिंग आणि ॲस्बेस्टॉसचं कापड बनवणाऱ्या गिरणीतल्या १८१ कामगारांची डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी पाहणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाचांतल्या एकाहून थोड्या अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. आपले डॉक्टर हा आजार क्षय किंवा जुना खोकला समजून मोकळे होतात, अशी टोचणारी नोंदही त्यात आहे. त्याच्या दहा वर्षं आधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं जपून ठेवण्याचा आदेश दिला होता. हा आकडा आजाराच्या संथ चालीवरूनच आला आहे. छपरावर चढणाऱ्या रोजंदारीवरच्या मिस्त्रीची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. तो बिडी ओढत असेल तर गणित आणखी बिघडतं. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांवरच्या १९७९ च्या अभ्यासात नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका पाचपट, नुसत्या धूम्रपानाने अकरापट आणि दोन्ही मिळून त्रेपन्नपट झालेला दिसला.

या अभ्यासांतले सगळे रोज धुळीत काम करणारे लोक. अखंड पत्र्याखाली नुसतं राहणाऱ्याच्या वाट्याला येणारी मात्रा त्याच्या तुलनेत अगदी थोडी असते, कारण तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. ‘याखाली काहीच भीती नाही’ अशी सुरक्षित रेषा कुणी आखलेली नाही. पण मात्रा कमी तर धोका कमी, हेही तितकंच खरं.

अडचण त्र्यंबकच्या पावसाची आहे. चार महिने पाणी मुरतं आणि सिमेंटमधला चुना हळूहळू धुऊन नेतं. वरच्या बाजूला शेवाळ आणि दगडफूल धरतं, मग उन्हाळ्यात पृष्ठभाग खरखरीत होतो. वीस-पंचवीस वर्षांच्या पत्र्यावर उजेड तिरपा पडला की कडांना पांढुरकी लव दिसते. ते मोकळे झालेले तंतू. पावसाळ्यात ते पाण्याबरोबर पन्हाळीत उतरून गाळात बसतात. तो गाळ ओला आहे तोवर निरुपद्रवी. एप्रिलमध्ये तो भुकटीसारखा कोरडा होतो आणि मे महिन्यात कुणीतरी पन्हाळ साफ करायला केरसुणी घेऊन चढतं. भर म्हणून माकडं आहेतच. एका पत्र्यावरून दुसऱ्यावर उड्या मारताना ती कोपरे तोडतात आणि ते तुकडे अंगणात पोरांच्या ठिकरीला लागतात.

दुरुस्तीच्या दिवशी काय घडतं ते जवळून पाहा. गळतीची जागा सापडली की मिस्त्री तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतो, कारण डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा थर स्वच्छ जागेवरच धरतो. उन्हाची काहिली कमी व्हावी म्हणून पांढरा रंग द्यायचा असेल तर सगळंच छप्पर घासलं जातं. नवा पत्रा जागेवर बसत नसेल तर ग्राइंडर निघतो. चकती फिरते, पांढरा धुरळा उडतो. मिस्त्रीच्या तोंडाला रुमाल, खाली उघड्या खिडकीत भाडेकरणीचं वाळत घातलेलं धुणं. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी दर घनसेंटीमीटर हवेत ०.१ तंतू ही मर्यादा आहे. कोरडा पत्रा चकतीने कापताना ती शंभरपटीहून अधिक ओलांडली जाते. रुमालाने यातलं काही अडत नाही, साध्या सर्जिकल मास्कनेही नाही.

म्हणून भाडेकरूने घरमालकाशी बोलायचं ते मे महिन्याच्या आधी. ‘‘काका, पत्रे घासू नका, ओले करून काढा आणि कापायचं असेल तर हाताच्या करवतीने, पाणी मारत कापा,’’ एवढं सांगायला भांडण लागत नाही. काढताना पत्रा धरून ठेवणारे जुने जे-हूक गंजून बसलेले असतात. तिथे पत्र्यावर हातोडा घालण्यापेक्षा हूकच कापलेला बरा. त्या दिवशी मुलांना नातेवाइकांकडे धाडावं, खिडक्या लावून घ्याव्यात, भांडी आणि अंथरूण झाकावं. नंतर केरसुणी फिरवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ती फडकी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायची. मिस्त्रीला चांगला मास्क हवाच, पण त्याआधी पायाखाली फळी हवी. हा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आणि त्यातून खाली पडलेल्याला मरायला चाळीस वर्षं लागत नाहीत.

भाडेकरूच्या स्वतःच्या हातातलं बरंचसं काम म्हणजे काही न करणं. डिश अँटेनासाठी, पंख्याच्या हुकासाठी, धुण्याच्या दोरीसाठी पत्र्याला भोक पाडू नये. खालून लव दिसत असेल किंवा भुकटी पडत असेल, तर पत्र्याला हात न लावता त्याखाली पीव्हीसीचं छत किंवा निदान घट्ट ताणलेलं जाड प्लास्टिक लावून घ्यावं. पत्रा धड असेल तर त्यावर रंगाचा थर उपयोगी पडतो, फक्त तो देण्याआधी कोरडं घासणं नको. छपराचं पावसाचं पाणी साठवणाऱ्यांना पोटाची काळजी वाटते. पाण्यातून पोटात गेलेल्या तंतूंनी अपाय होतो असा ठोस, सुसंगत पुरावा मिळालेला नाही. धोका श्वासाचा आहे. आपला पत्रा नक्की कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. पत्र्यावर आयएस ४५९ हा मानकाचा शिक्का सापडला तर मात्र शंका ठेवू नये, कारण ते मानकच ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नागमोडी पत्र्यांचं आहे.

खर्च कुणाचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत ते केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापुरताच. महिना चार हजारांच्या खोलीला ही रक्कम वर्षाला बारा हजार होते. यात दोन फटी आहेत. करारात उलट लिहिलं असेल तर मालकाची ही जबाबदारी उरत नाही. आणि आजकाल सर्रास होणाऱ्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो. तेव्हा छपराच्या दुरुस्तीचं वाक्य करारातच घालून घेणं शहाणपणाचं. डिपॉझिट देईपर्यंतच मालक ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो.

काढलेल्या पत्र्यांचं काय होतं, हा या सगळ्यातला सर्वांत लाजिरवाणा भाग. २००६ साली ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच युद्धनौका तोडण्यासाठी अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्याकडे नेली जात होती. तिच्या पोटातल्या ॲस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की ती अर्ध्या वाटेतून परत बोलावली गेली. आपल्या अंगणातला पत्रा मात्र गोठ्याच्या आडोशाला, न्हाणीच्या भिंतीला, टाकीवर झाकण म्हणून किंवा ओढ्याकाठच्या खड्ड्यात भर म्हणून जातो. ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्याचा चुरा होतो. नगरपरिषदेने मे महिन्यात आठवडाभर एखादी गाडी फक्त या पत्र्यांसाठी फिरवली, ते न फोडता जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून उचलले आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पोचवले, तर निम्मं काम होईल. तोवर काढलेला पत्रा अखंड ठेवून ताडपत्रीखाली एका बाजूला रचून ठेवावा आणि भंगारवाल्याला देताना तो हातोड्याने फोडू देऊ नये.

त्र्यंबकच्या बऱ्याच मालकांना पुढच्या वेळी हाच पत्रा पुन्हा घालायचा आहे, कारण तो स्वस्त पडतो. ॲस्बेस्टॉसविरहित फायबर-सिमेंटचे पत्रे मिळतात, रंगीत गॅल्व्हनाइझ्ड पत्रे मिळतात, कौलं तर आपलीच. कौलारू खोलीत डिसेंबरातही अंगाला ऊब लागते, हे तिथल्या जुन्या भाडेकरूंना विचारलं तर ते सांगतील. फक्त माकडांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल.