जुन्या ग्रंथांचे नवे वाचक

नवे लिहिणारा लेखक जुन्यावर रुसलेला असतो, असा एक समज मराठी वाचकांत बराच रुजलेला आहे. प्रत्यक्षात मराठी नवकवितेचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आशय आणि प्रतिमा या दोन्ही अंगांनी पालटलेल्या कवितेचा, इतिहास याच्या नेमका उलट आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात यंत्रयुगातल्या मुंबईचे चित्र रेखाटले, तेव्हा त्यांना ओवी आणि अभंग हे संतांचे छंदच हाताशी घ्यावेसे वाटले. हे छंद केवळ सोयीचे होते म्हणून नव्हे, तर त्या छंदांत मुरलेला जुना स्वर आणि नवा अनुभव यांच्या घर्षणातून हवा तो परिणाम साधत होता म्हणून. जुने वाङ्मय अंगात भिनल्यावाचून असे घर्षण घडवता येत नाही.

वाचक आणि लेखक या दोन्ही नात्यांनी अभिजात वाङ्मयाशी आयुष्यभर झटणारा मराठीतला सर्वांत ठळक कवी मात्र गोविंद विनायक, म्हणजेच विंदा, करंदीकर (१९१८–२०१०) हाच म्हणावा लागेल. सिंधुदुर्गातल्या धालवली गावी जन्मलेले, इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून नोकरी केलेले आणि पुढे वांद्रे पूर्वेतील ‘साहित्य सहवास’ या लेखकांच्या वसाहतीत राहिलेले विंदा २००३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. वि. स. खांडेकर आणि वि. वा. शिरवाडकर यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते तिसरे मराठी लेखक. स्वतःच्या कवितेबरोबर त्यांनी ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७), गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग (१९६५), शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ (१९७४) आणि ‘अमृतानुभवाचे अर्वाचीनीकरण’ (१९८१) अशी ग्रंथांची मालिका मराठीला दिली. ‘परंपरा आणि नवता’ हे त्यांच्या समीक्षालेखांच्या संग्रहाचे नाव या साऱ्या उद्योगालाही शोभण्यासारखे आहे.

या मालिकेतील सर्वांत धाडसी काम शेवटचे, म्हणजे ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ आजच्या मराठीत आणण्याचे. परभाषेतील ग्रंथाचा अनुवाद करणाऱ्याला एक आडोसा असतो. मूळ जर्मन किंवा ग्रीक शब्दाशी ताडून पाहणारे वाचक थोडेच असतात. ज्ञानदेवांची ओवी मात्र मराठी माणसाच्या घरातली. तिला हात लावणाऱ्याची चूक कोणीही दाखवू शकतो. शिवाय तेराव्या शतकातील मराठी आजच्या वाचकाला कानाने ओळखीची आणि अर्थाने अनोळखी वाटते. या अडचणीवर परंपरेने शोधलेला उपाय म्हणजे ‘सार्थ’ आवृत्ती, म्हणजे वर मूळ ओवी आणि खाली गद्यात तिचा अर्थ, शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर यांची सार्थ ज्ञानेश्वरी त्याच प्रकारची. विंदांनी वेगळी वाट धरली आणि अर्थ सांगण्याऐवजी पद्याच्या जागी पद्यच ठेवले. गद्यार्थाने वाचकाची समजूत पटते, पण ग्रंथाचा वेग हरवतो, आणि ‘अमृतानुभवा’सारख्या ग्रंथात वेग हा युक्तिवादाचाच भाग आहे.

यातील तांत्रिक पेच जवळून पाहण्यासारखा आहे. ओवी म्हणजे साडेतीन चरणांची रचना. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. जुन्या मराठीत विभक्तीचे काम पुष्कळदा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरील मात्रेने आणि अनुस्वाराने भागत असे: ‘वनीं’, ‘हातें’. आजच्या मराठीत तेथे ‘वनात’, ‘हाताने’ असे प्रत्यय लागतात आणि शब्द लांबतात. वाक्यभर असे चार-पाच शब्द आले की ओवी फुगू लागते आणि आखूड चौथ्या चरणात आशय मावेनासा होतो. मग एखादा दृष्टान्त आवळावा लागतो किंवा वाक्याची मांडणी पालटावी लागते. अशा ओव्या आठशेच्या घरात असताना हे काम अंगावर घेणे म्हणजे वाचनाचीच सर्वांत कठोर परीक्षा देणे होय, कारण ज्या ओळीचा अर्थ अर्धवट कळला आहे ती ओळ पुन्हा रचता येत नाही. विशेष म्हणजे विंदा विवेकवादी होते आणि त्यांच्यावर मार्क्सवादाचा प्रभाव होता. ज्ञानदेवांचा निष्कर्ष मान्य असणे ही त्यांच्या लेखी त्या ग्रंथाच्या वाचनाची अट नव्हती, आणि हीच त्यांच्या वाचनाची खरी ओळख मानावी.

‘लिअर’च्या बाबतीत मराठीत एक मौजेचा योग जुळून आला. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. मुलांना सर्वस्व देऊन बेघर झालेल्या राजाच्या कथेला त्यांनी निवृत्त नट गणपतराव बेलवलकरांच्या घरात आणले. चारच वर्षांनी विंदांचा ‘राजा लिअर’ प्रसिद्ध झाला, तो मूळ नाटकाशी इमान राखून. शिरवाडकरांचे नाटक लोकप्रिय झाले, तर विंदांचा ग्रंथ प्रामुख्याने अभ्यासकांच्या कपाटात राहिला. हे अपेक्षितच होते, तरी थोडे खटकणारेही आहे.

जुने ग्रंथ आज कोण वाचतो, या प्रश्नाची दुसरी बाजू साहित्य सहवासापासून काही किलोमीटरवर असलेल्या पवईत दिसते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अभियांत्रिकीबरोबर मानव्यविद्यांचा विभागही आहे. या विभागात अध्यापन केलेले मिलिंद मालशे यांनी अशोक जोशी यांच्यासह ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिला आणि साहित्यकृती कशी वाचावी याविषयी पश्चिमेत झालेला विसाव्या शतकातील ऊहापोह मराठी वाचकापर्यंत आणला. तंत्रज्ञानाच्या आवारात मराठी समीक्षा लिहिली जावी, यात विसंगती काहीच नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पवईकर वाचकाला मात्र शेक्सपिअर आणि ज्ञानदेव हे दोघेही जवळपास सारख्याच अंतरावर असतात, आणि त्याच्या हातात शेक्सपिअरची सटीप प्रत सहज येते, ‘अमृतानुभवा’ची क्वचितच.

अशा वाचकाने ‘अमृतानुभवा’च्या दहा प्रकरणांपैकी पहिल्यापासून आरंभ न करता सातव्यापासून, म्हणजे ‘अज्ञानखंडना’पासून, करावा, हे बरे. तेथे स्तवन थोडे आणि तर्क दाट आहे: अज्ञान नावाची वस्तू आहे असे मानले, तर ती कोणाला जाणवते, कशाच्या आश्रयाने राहते आणि ज्ञानाशेजारी टिकते कशी, असे प्रश्न एकामागून एक उभे करून प्रतिपक्षाला पळवाट उरू दिली जात नाही. मूळ ओवी आणि विंदांची ओवी शेजारी ठेवून हे प्रकरण वाचले, तर गणिताची सिद्धता उलगडत जावी तसा युक्तिवाद उलगडतो, आणि नव्या ओवीत कोठे मूळचा पीळ सैल झाला आहे हेही वाचकाला स्वतःच दाखवता येते.