डोस न मागणारी बाग

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात रोप जोर धरेना, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : डोस कुठला दिला? युरिया, डीएपी, पोटॅश, ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं. कृषी सेवा केंद्रं भरलेली आहेत आणि सल्ला फुकट मिळतो. अशा मुलखात मी व्हरांड्यात काचेची एक उथळ टाकी सांभाळतो. तिच्यातल्या झाडांना खत दिलं, तर ती मरतात. टाकी जेमतेम वीतभर उंच, पाणी त्याहून कमी. त्यात मॉस, कीटकभक्षी वनस्पती आणि तीन-चार इवलेसे मासे.

ऑगस्ट-सप्टेंबरात कास पठारावर गेलेल्यांनी सीतेची आसवं पाहिलेली असतात. जांभळट निळ्या फुलांचे ताटवे दिसतात, फोटो निघतात आणि माणसं परततात. ही वनस्पती शिकारी आहे हे फुलाकडे बघून कळत नाही, कारण शिकार खाली, ओल्या मातीत चालते. जांभा खडकावर मातीचा पातळ पापुद्रा, त्यातलं नत्र-स्फुरद पावसाने सतत धुऊन जाणारं. जमिनीतून काही मिळेना, तेव्हा या गटाने पाण्यातले सूक्ष्म जीव पकडायला सुरुवात केली. शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया. त्याच पठारावर पानांवर चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, चिलटं धरते.

बारामती-इंदापूरची तऱ्हा नेमकी उलटी. पर्जन्यछायेचा प्रदेश, खाली काळा बेसाल्ट आणि वरून नीरा डाव्या कालव्याचं पाणी. ऊस पाण्यात उभा राहिला, निचरा झाला नाही, आणि कित्येक शिवारांत क्षार वर येऊन जमीन पांढरी फुटली, चोपण झाली. म्हणून तर अशा रानांसाठी ‘फुले २६५’सारख्या ऊसवाणाची शिफारस होते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मुबलक, शिवाय उसाच्या खतातून झिरपलेलं नत्र. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. कीटकभक्षी झाडं पाळणारे मात्र ५० च्या वर जायला धजत नाहीत. त्यामुळे इथे ही टाकी ठेवायची म्हणजे पाण्यात काय घालायचं याचा विचार सोडायचा आणि काय येऊ द्यायचं नाही याची राखण करायची.

मूळ पाणी पावसाचंच. पहिल्या एक-दोन सरींनी पत्रा धुऊन निघू द्यावा, मग पन्हाळीचा पाइप काळ्या झाकणबंद टाकीत सोडावा. आमच्याकडे जून-जुलै रुसलेला असतो आणि खरी भरती सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर होते, म्हणून साठा पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवून वापरावा लागतो. कमी पडला तर आरओचं पाणी.

दगडांचीही परीक्षा घ्यावी लागते. नदीची वाळू दिसायला सुंदर, पण तिच्यात चुनखडीचे खडे असतात आणि ते पाणी हळूहळू जड करत राहतात. संडास धुवायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब खड्यावर टाकावा, हातमोजा घालून आणि उघड्यावर. फेस उसळला, की तो खडा बाद. गारगोटीवर थेंब नुसता बसून राहतो. म्हणून तळाला गारगोटीची चुरी आणि तिच्यावर काळ्या बेसाल्टचे दोन-तीन तुकडे. तेही पांढऱ्या शिरा नसलेले निवडलेले.

मॉसला मुळं नसतात, ते माती मागत नाही. जावा मॉसची चिमूट बारीक कापून दगडावर पातळ पसरायची आणि काळ्या सुती दोऱ्याने गुंडाळायची. जाड थर दिला तर खालचा भाग अंधारात कुजतो. महिन्या-दीड महिन्यात ते दगडाला धरतं आणि दोरा आपोआप विरून जातो. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावरही ते ओलीच्या आधाराने चढतं, आणि उथळ टाकीची सगळी शोभा या काठावर असते. खोल टाकीत बाग समोरून बघायची, इथे वरून, वाकून.

आता शिकारी. पाण्यात तरंगणारी युट्रिक्युलेरिया गिबा ही हिरव्या धाग्यांची गुंतवळ असते. अनेक मत्स्यपालक तिला तण म्हणून शिव्या घालतात, कारण विकत घेतलेल्या दुसऱ्या पाणवनस्पतीबरोबर ती न विचारता येते. माझ्या मते टाकीतलं सगळ्यात पाहण्यासारखं झाड तेच. सोनाराचं भिंग लावून बघा : धाग्यांवर मोहरीहून बारीक पारदर्शक पिशव्या दिसतील. प्रत्येक पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत दबलेल्या असतात. तोंडाशी दार आणि दारावर केस. एखादा सायक्लॉप्स, म्हणजे पाण्यातला सूक्ष्म जीव, त्या केसांना घासला, की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. डोळ्याला दिसतं ते एवढंच : आत्ता बाहेर होता, आता आत आहे आणि भिंतींवर धडका देतोय. डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर आख्खं पुस्तक लिहिलं, पण जीव स्वतःच दार ढकलून शिरतात, असा त्याचा समज होता. ओढून घेण्याची करामत पुढे उलगडली. झाड पाण्याबाहेर उचलून कानाशी धरलं तर बारीक तडतड ऐकू येते. रिकामे सापळे हवा ओढून उडत असतात. पोट भरलेल्या पिशव्या काळपट पडतात, आणि टाकीत जीवजंतू किती आहेत याचा अंदाज मी त्या रंगावरून घेतो.

मासे निवडताना इथे सगळेच गप्पी सुचवतात. आरोग्य खात्याचे लोक डासांसाठी हौदात सोडतात तेच. पण गप्पीला जड पाणी मानवतं, पावसाच्या पाण्यात तो खंगतो. मला हनी गुरामी बरा वाटला. मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि पृष्ठभागावर येऊन हवा घेणारा. त्यामुळे कोमट उथळ पाण्यात प्राणवायू कमी असला तरी त्याचं भागतं. डासांच्या अळ्या तो आवडीने खातो. त्याच्यासाठी पावसाच्या पाण्यात मगभर बोअरचं पाणी मिसळावं लागतं, कारण अगदी निःक्षार पाणी माशाला मानवत नाही. युट्रिक्युलेरिया गिबा तेवढं सोसते. नुकतीच फुटलेली पिल्लं मात्र सापळ्यात शेपटीने अडकू शकतात, ती वेगळी काढलेली बरी. खाद्य चिमटीच्याही निम्मं, कारण माशाचं खाद्य म्हणजे दुसऱ्या दाराने आलेलं खतच.

दवबिंदू हे मिसळलेलं पाणी सोसत नाही. तिची कुंडी टाकीत उंचवट्यावर, पण तिच्या बशीत फक्त पावसाचं पाणी. ऊसरोपांच्या नर्सरीत मिळणारं कोकोपीट चालतं, मात्र त्यात मीठ असतं. ते पावसाच्या पाण्यात पुनःपुन्हा धुऊन, टीडीएस मीटरचा आकडा खाली येईपर्यंत पिळावं लागतं.

शेजारचे नाना, एकरी टनेजच्या भाषेत बोलणारे, एकदा वाकून बघत म्हणाले, “ह्याला डोस काय देता?”

“काहीच नाही, नाना.”

“मग हे जगतंय कशावर?”

“चिलटांवर.”

“बरंय,” ते म्हणाले, “आमच्याकडं उलटं. डोस आम्ही द्यायचा आन् खायाचं किडीनं.”

खरी कसोटी एप्रिल-मे. पारा ४० च्या वर जातो, पाणी रोज उडत राहतं आणि क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती निव्वळ पावसाच्या पाण्याची, ठिबकच्या मायक्रो ट्यूबमधून थेंबथेंब. वर हिरवी शेडनेट, टाकीभोवती ओलं गोणपाट. कोरड्या हवेत ते चांगलं गारवतं. तरी पाणी तिशीच्या वर गेलं, की मॉस थांबतं आणि शेवाळ चढतं. ते बोटाने काढत बसण्याखेरीज इलाज नाही.

एक गोष्ट या दोन तालुक्यांत विशेष सांगावी लागते. उजनी धरणाच्या फुगवट्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी आधीच उतरतं, जलपर्णी माजते. भिगवणच्या बाजारात विकली जाणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली, आणि अलीकडे कोळ्यांच्या जाळ्यात शोभेच्या टाकीतला सकर मासाही येऊ लागला आहे. त्याला भाव नाही, आणि त्याचे काटे जाळं फाडतात. तेव्हा टाकी मोडायची वेळ आली तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाका. कालव्यात, विहिरीत किंवा उजनीत काहीही सोडू नका. आणि कासवरून रोपं उपटून आणू नका. ती इथे जगत नाहीत. बियाणं पाळणाऱ्यांकडे मिळतं.