पवईच्या पुरस्काराचे मानकरी कोण?

पवईच्या आयआयटीची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १० मार्च १९५९ रोजी बसविण्यात आली. दरवर्षी मार्चमध्ये साजऱ्या होणाऱ्या स्थापना दिनाच्या सोहळ्यात संस्था आपल्या कर्तृत्ववान माजी विद्यार्थ्यांना 'डिस्टिंग्विश्ड अ‍ॅलम्नस' पुरस्काराने गौरविते. त्यासाठी आधी नावे सुचविली जातात आणि मग त्यांतून निवड होते. मात्र कर्तृत्व मोजायचे कशाने, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

१९७८ साली बाहेर पडलेल्या एकाच तुकडीकडे पाहिले, तरी हा पेच ध्यानात येतो. त्या वर्षी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये असताना एक गणिती पद्धत मांडली. असंख्य अटी सांभाळून मर्यादित साधनांचा सर्वांत किफायतशीर वापर कसा करावा, याचे उत्तर ती झपाट्याने शोधून देते. जगभरच्या संगणकशास्त्रज्ञांनी दखल घेतलेले हे काम सामान्य माणसाच्या मात्र गावीही नाही. त्यांना हा पुरस्कार १९९६ मध्ये मिळाला. त्यांच्याच शाखेचे नंदन नीलेकणी १९९९ मध्ये मानकरी ठरले. त्याच वर्षी 'इन्फोसिस'ची नोंदणी अमेरिकेतील नॅस्डॅक शेअर बाजारात झाली होती. धातुशास्त्राचे मनोहर पर्रीकर २००० मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि २००१ मध्ये त्यांचा गौरव झाला. संशोधन, उद्योग आणि राजकारण ही तीन क्षेत्रे एका मापाने मोजता येत नाहीत, हे त्या निवडींनी मान्य केले, ही जमेची बाजू.

अवघड भाग पैशाचा आहे. नीलेकणी यांनी २०२३ मध्ये, संस्थेशी जुळलेल्या नात्याला ५० वर्षे झाल्यानिमित्त, ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरता त्यांची देणगी ४०० कोटींवर गेली. करदात्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेला तिच्या विद्यार्थ्याने असे भरभरून परत देणे स्वागतार्हच. परंतु आजचा सत्कारमूर्ती उद्याचा दाता ठरू शकतो, हे ठाऊक असताना निवड करणाऱ्यांची नजर धनवंतांकडे अधिक वळण्याचा धोका राहतो. संस्थेसाठी झटणाऱ्यांकरिता आयआयटीने 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस' हा निराळा पुरस्कार ठेवला आहे, तो या दृष्टीने शहाणपणाचा म्हणावा लागेल. दातृत्वाची पावती एका हाताने आणि कर्तृत्वाची दुसऱ्या हाताने दिली, तरच दोन्हींची प्रतिष्ठा टिकते.

शिवाय सारे सुरू होते ते नाव सुचविण्यापासून. कंपनीच्या अध्यक्षाचे नाव पुढे करणारे मित्र, सहकारी आणि वृत्तपत्रांतील कात्रणे सहज मिळतात. दुष्काळी तालुक्यात पाण्याच्या योजनेवर आयुष्य वेचणाऱ्या अभियंत्याचा अर्ज भरायला मात्र त्याचा जुना वर्गमित्रच पुढे यावा लागतो.