डिजिटल पुस्तकाचा भाव कोणाच्या हाती?

व्यापारी बंधूंनो, भाव ठरविण्याचा हक्क आपल्या हाती राहावा म्हणून कोणी दर नगामागे जवळजवळ चार डॉलर कमी घ्यायला राजी होईल काय? अमेरिकेतील मोठ्या प्रकाशकांनी 2010 साली नेमके तेच केले. कापडवाल्याला पुस्तकांच्या भावाशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण हा सारा मामला ठोक विक्री आणि आडत यांच्यातला आहे, आणि तो आपल्या पेढीवर रोजचाच.

प्रथम यंत्राविषयी. अ‍ॅमेझॉन कंपनीने 'किंडल' हे वाचनयंत्र 19 नोव्हेंबर 2007 रोजी अमेरिकेत 399 डॉलरला बाजारात आणले. पहिला साठा साडेपाच तासांत संपला. याच्या पडद्यात काळे-पांढरे बारीक कण असतात. ते विजेच्या भाराने सरकतात आणि अक्षर उमटते. वीज मुख्यत्वे पान उलटतानाच लागते, म्हणून एकदा चार्ज केले की कित्येक दिवस पाहावे लागत नाही. उन्हातही कागदासारखे वाचता येते. पन्नाशी उलटलेल्यांना खरी सोय म्हणजे अक्षर हवे तेवढे मोठे होते. दुकान वाढवल्यावर मी याच्यावरच वाचतो.

आता भाव. हिशोबापुरते 26 डॉलर छापील किमतीचे नवे पुस्तक धरा. निम्म्या ठोक भावाने अ‍ॅमेझॉन प्रकाशकाला डिजिटल प्रतीचे 13 डॉलर देणार आणि गिऱ्हाईकाला विकणार 9.99 ला. म्हणजे नगामागे तीन डॉलरचा उघड तोटा! दारात रुमाल तोट्यात विकून गिऱ्हाईकाला आतल्या मालापर्यंत न्यावे, तशी ही चाल होती. यंत्र खपले आणि डिजिटल पुस्तकांचा सुमारे 90 टक्के बाजार एका दुकानाच्या ताब्यात गेला.

प्रकाशकाला तर पुरे 13 मिळत होते, मग दुखणे कसले? दुखणे हे की 9.99 हाच वाजवी भाव, असे गिऱ्हाईकाच्या मनात एकदा बसले की कागदी पुस्तक महाग वाटणार. उद्या तेच बडे दुकान ठोक भावही खाली दाबणार. ही भीती मला रास्त वाटते. मोठ्या खरेदीदाराने भाव पाडला की यंत्रमागवाल्याचे काय होते, हे मालेगाव-भिवंडीत कोणाला सांगायला नको.

27 जानेवारी 2010 रोजी अ‍ॅपलने आयपॅड जाहीर केला आणि आडतीचा रस्ता उघडला. भाव प्रकाशकाने ठरवावा, 30 टक्के दलाली दुकानाने घ्यावी. 12.99 ला विकले तर प्रकाशकाच्या पदरात 9.09 पडतात, म्हणजे आधीच्या 13 पेक्षा कमीच. अट अशी की दुसरीकडे स्वस्त मिळाले तर अ‍ॅपलकडेही तोच भाव. मॅकमिलनने अ‍ॅमेझॉनपुढे आडतीची अट ठेवली, तेव्हा अ‍ॅमेझॉनने त्यांच्या कागदी पुस्तकांचीसुद्धा विक्री थांबवली आणि थोड्याच दिवसांत माघार घेतली.

11 एप्रिल 2012 रोजी अमेरिकी सरकारने अ‍ॅपल व पाच प्रकाशकांवर संगनमताने भाव चढविल्याचा खटला भरला. प्रकाशकांनी समझोता केला. अ‍ॅपल लढले आणि 10 जुलै 2013 रोजी हरले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही, तेव्हा 45 कोटी डॉलर भरावे लागले. त्यातले 40 कोटी गिऱ्हाईकांचे. आडत घेणे हा गुन्हा ठरला नाही. पेठेतल्या पाच जणांनी मिळून भाव चढवणे, तिथे ते अडकले. पुढे 2014 मध्ये हॅशेट प्रकाशनाने एकट्याने भांडून भावाचा हक्क मिळवलाच.

गिऱ्हाईक विचारते, कागद नाही, छपाई नाही, मग एवढी किंमत का? नव्या पुस्तकाच्या किमतीत कागद-छपाईचा वाटा लहानच असतो. लेखक, संपादन, जाहिरात आणि दुकानाचा कसर हे मोठे खर्च. मात्र माझी तक्रार वेगळी आहे. कागदी पुस्तक वाचून विकता येते, भाच्याला देता येते. डिजिटल पुस्तकात मालकी मिळत नाही, फक्त वाचण्याची परवानगी मिळते. जुलै 2009 मध्ये ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या हक्क नसलेल्या प्रती अ‍ॅमेझॉनने गिऱ्हाईकांच्या यंत्रांतून परस्पर पुसल्या. पैसे परत केले, माफीही मागितली. विकलेला ताका रात्री येऊन उचलून नेण्यातलाच हा प्रकार!

मराठी पुस्तके किंडलवर डिसेंबर 2016 मध्ये आली. छापील पुस्तकावर जीएसटी लागला नाही. डिजिटलवर आधी 18 टक्के होता. जुलै 2018 मध्ये तो 5 टक्क्यांवर आणला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता.