दोष यंत्राचा की निरोप्याचा?

रस्ते, धरणे, बोगदे आणि बंदरे बांधणारी अवजड यंत्रे एकेकाळी केवळ लोखंड, तेल आणि इंधन यांच्या बळावर चालत. त्यांतील बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई किंवा हाताला जाणवे. आज त्याच यंत्रांच्या अंगोपांगांतून तारा खेळविलेल्या असतात. माती उपसणारे उत्खनक यंत्र, ज्याला आपल्याकडे सर्रास 'पोकलेन' म्हणतात, त्याचेच उदाहरण घेऊ. इंजिनातील तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, हायड्रॉलिक तेलाचा दाब यांचे वृत्त नियंत्रकाकडे अखंड पोहोचविणारे अनेक संवेदक, म्हणजेच सेन्सर, त्यात बसविलेले असतात. नियंत्रक हा एक लहानसा संगणकच होय. आलेल्या वृत्तावरून तो इंजिनाचे नियमन करतो आणि काही विपरीत आढळल्यास चालकासमोरील पडद्यावर दोषांक उमटवितो.

दोषांक तेलाच्या दाबाविषयी असेल, तर दाब खरोखरच घटला आहे, की दाबाचे वृत्त आणणारा निरोप्याच आजारी आहे? पहिल्या प्रसंगी इंजिन थोडा वेळ चालू राहिले तरी त्याची बेअरिंगे जळू शकतात. दुसऱ्या प्रसंगी एखाद्या तारेची दुरुस्ती पुरेशी असते. या दोहोंतील भेद ओळखणे, हेच विद्युत्‌दोषांच्या निदानाचे मर्म होय.

शून्य दाबाला अर्धा व्होल्ट

दाब मोजणाऱ्या संवेदकाला बहुधा तीन तारा असतात. एक तार नियंत्रकाकडून ५ व्होल्टांचा स्थिर विद्युत्‌दाब आणते, दुसरी परतीची असते आणि तिसरी संकेत नेते. तेलाचा दाब शून्य असेल तेव्हा संकेतही शून्य व्होल्ट असावा, असे वाचकांस वाटेल. प्रत्यक्षात तो सुमारे ०.५ व्होल्ट ठेवलेला असतो आणि पूर्ण दाबाला सुमारे ४.५ व्होल्ट होतो. दोन्ही टोकांना ही जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. तार तुटली अथवा यंत्राच्या सांगाड्याला टेकली, की संकेत या मोकळ्या जागेत जाऊन पडतो. तेलाचा कोणताही खरा दाब असा संकेत देऊ शकत नाही. म्हणून दोष विद्युत्‌मार्गात आहे, हे नियंत्रकाला उमगते.

दोषांक कसा वाचावा

अनेक अवजड यंत्रांत जे-१९३९ या नावाची सांकेतिक पद्धती वापरतात. तिच्यातील दोषांकात दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला आकडा कोणत्या मापनाविषयी तक्रार आहे ते सांगतो, दुसरा तक्रारीचा प्रकार सांगतो. इंजिनतेलाच्या दाबाचा आकडा १०० आहे. त्याच्यासोबत १ आला, तर वृत्त विश्वसनीय असून दाब धोक्याच्या पातळीखाली गेला आहे, असा अर्थ होतो. इंजिन तत्काळ बंद करावे. सोबत ३ असेल तर संकेताचा विद्युत्‌दाब मर्यादेहून अधिक आहे आणि ४ असेल तर मर्यादेहून कमी आहे. या दोन्ही प्रसंगी संशय विद्युत्‌मार्गावर जातो. तरीही निरोप्या मुका झाला म्हणजे यंत्र निरोगी ठरते असे नव्हे. साधा यांत्रिक दाबमापक जोडून तेलाचा दाब पडताळल्याखेरीज यंत्र कामाला लावू नये.

मोजा, मग बदला

दोषांक संवेदकाचे नाव घेतो, म्हणून संवेदकच बदलावा, ही सर्वांत खर्चिक सवय होय. ४ हा आकडा दिसत असेल, तर प्रथम संवेदकाची जोडणी सोडून तिच्यात ५ व्होल्ट येतात की नाही ते मोजावे. येत नसतील, तर त्याच पुरवठ्यावरील अन्य एखाद्या संवेदकाने तो खाली ओढलेला असू शकतो. एकाच वेळी अनेक संवेदकांचे दोषांक उमटले, तर ही शक्यता आधी तपासावी. अनेक यंत्रांत जोडणी सोडताच ४ चा ३ होतो, कारण मोकळ्या संकेततारेवर नियंत्रक स्वतःच विद्युत्‌दाब ठेवतो. पुरवठा ठीक असून असा बदल झाला, तर तारा आणि नियंत्रक यांनी योग्य उत्तर दिले. संशय संवेदकावर राहतो. बदल झालाच नाही, तर तारांचा जुडगा तपासावा.

पुरवठ्याच्या जाड तारांची परीक्षा निराळी असते. या यंत्रांत सामान्यतः १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवितात. बॅटरीच्या अर्थजोडणीवर गंज चढून केवळ ०.०१ ओहम रोध वाढला, तर साधा मल्टिमीटर तो नीट दाखवीत नाही. परंतु स्टार्टरमधून ५०० अँपिअर प्रवाह वाहू लागताच त्या एका सांध्यावर ५ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून इंजिन फिरवीत असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंमधील विद्युत्‌दाब मोजावा. भाराविना निर्दोष भासणारी तार भाराखाली आपले खरे स्वरूप प्रकट करते.

नियंत्रक एकमेकांशी पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतात. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमांचा एकेक रोधक असतो. विद्युत्‌पुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध मोजल्यास सुमारे ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले, तर एक रोधक गळाला किंवा तार तुटली. शून्याजवळ आले, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या.

दोष येतो-जातो अशा स्वरूपाचा असेल, तर मापकावर नजर ठेवून तारांचा जुडगा हलवून पाहावा. वाकणाऱ्या बाहूच्या सांध्याजवळ, धारदार कडेवर घासणाऱ्या ठिकाणी आणि पावसाचे पाणी शिरणाऱ्या जोडणीत तो बहुधा सापडतो. मात्र मोजणीसाठी तारेचे आवरण सुईने टोचू नये. त्या छिद्रातून शिरलेला ओलावा कालांतराने तांबे खाऊन टाकतो.

काम खोळंबले म्हणून धोक्याची सूचना देणारी तारच तोडून टाकण्याचा मोह कोठे कोठे होतो. त्याने पडद्यावरील दिवा मावळतो, पण खऱ्या संकटाची वार्ता आणणारा एकमेव मार्गही बंद होतो. दोषांक दिसला की शोध कोठून सुरू करावा एवढेच कळते. तो कोठे संपवावा हे मोजणीनेच ठरते.